बाळंतपणानंतरची गुठळी आणि ‘प्रोटीन एस कमी’चा रिपोर्ट

प्रश्न असा आला आहे. बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका गृहस्थांची ३१ वर्षांची बहीण मे महिन्यात दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळंतपण सुखरूप झालं. तिसऱ्या आठवड्यात तिचा डावा पाय मांडीपासून सुजला आणि डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या मोठ्या शिरेत गुठळी दिसली. पोटावर हेपरिनची इंजेक्शनं आणि सोबत असेनोक्यूमॅरॉलची गोळी, अशी रक्त गोठू न देणारी दोन औषधं सुरू झाली. नवव्या दिवशी, इंजेक्शनं चालू असतानाच, कुणाच्या तरी सल्ल्याने ‘थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल’, म्हणजे रक्ताचा गुठळीकडे कल आहे का हे पाहणाऱ्या तपासण्या, केलं. प्रोटीन सी ४१ टक्के, प्रोटीन एस २९ टक्के, अँटिथ्रॉम्बिन ७४ टक्के. तिन्हींसमोर ‘कमी’ असा शेरा. आता सासूबाई प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आल्या आहेत, एक नातेवाईक म्हणतात गोळी जन्मभर, दुसरे म्हणतात आठ वर्षांच्या भाचीचं रक्त आजच तपासा. हे प्रोटीन कमी असणं म्हणजे काय, शरीर रक्ताचं गोठणं एरवी आवरतं कसं, आणि यातलं काय करायचं, काय नाही?

आधी निकाल सांगते. या कागदावरून तुमच्या बहिणीत जन्मजात कमतरता आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. ताजी गुठळी, चालू हेपरिन, चालू असेनोक्यूमॅरॉल आणि बाळंतपणाला महिनाही झालेला नाही: अशा दिवशी कुणाही निरोगी बाईचं रक्त घेतलं असतं तरी आकडे बहुधा खालीच आले असते. रक्त गोठण्याच्या तपासण्यांमध्येच माझं बहुतेक आयुष्य गेलं, आणि माझ्याकडे ‘प्रोटीन एसची पेशंट’ म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा आजार हा नमुना चुकीच्या दिवशी घेतल्याचा असतो.

पावडरचा डबा बाजूला ठेवा. डाळ, पनीर, अंडं यांतलं प्रथिन पोटात पचून त्याची अमिनो आम्लं होतात. रक्तातली ही तीन प्रोटीनं यकृत स्वतः घडवतं, आणि किती घडवायची हे जनुकं ठरवतात. बाळंतिणीला चांगलं खाऊ घाला, जरूर घाला, पण त्याने २९ चे ७० होणार नाहीत.

आता शरीर हे आवरतं कसं ते पाहू.

रक्त गोठण्याच्या मध्यभागी थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम असतं. शीर फाटली की भिंतीबाहेरचा टिश्यू फॅक्टर रक्ताला भिडतो, सातवा घटक (गोठवणाऱ्या प्रोटीनांना असे क्रमांक दिलेले आहेत) जागा होतो, तो दहाव्याला जागं करतो, दहावा पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनचे धागे विणायला घेतं. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. पाचव्या आणि आठव्या घटकाला चेतवून ते स्वतःचंच उत्पादन वाढवत नेतं. विरजणासारखं आहे हे, चमचाभर घातलं की पातेलंभर दूध बसतं. मग भाजी चिरताना बोट कापलं तर अंगातलं सगळं रक्त का गोठत नाही?

कारण त्याला आवरणारी माणसं जागोजाग बसवलेली आहेत. पहिलं अँटिथ्रॉम्बिन. हे रक्तात सतत फिरत असतं. जखमेपासून वाहून गेलेलं थ्रॉम्बिन किंवा जागा झालेला दहावा घटक सापडला की त्याला कायमची मिठी मारतं आणि ती जोडगोळी यकृत उचलून टाकतं. एकटं असताना ते संथ आहे. शिरांच्या आतल्या अस्तरावर हेपरिनसारखीच साखरेची साखळी असते, तिचा आधार मिळाला की त्याचा वेग वाढतो. इंजेक्शनातलं हेपरिन हेच काम करतं, साधारण हजारपट वेगाने. म्हणजे हेपरिन स्वतः रक्त पातळ करत नाही, अँटिथ्रॉम्बिनकरवी करवून घेतं. ज्याच्याकडे अँटिथ्रॉम्बिनच फार कमी आहे त्याला हेपरिन नेहमीच्या मात्रेत पुरत नाही, आणि वॉर्डात कधी कधी कमतरतेचा पहिला संशय तिथूनच येतो.

दुसरी व्यवस्था प्रोटीन सीची. इतक्या वर्षांनीही मला शरीरातली ही योजना सर्वांत देखणी वाटते. शिरेच्या धडधाकट अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं एक बसायचं ठिकाण असतं. जखमेवर फायब्रिन विणणारं थ्रॉम्बिन वाहत वाहत या निरोगी भागावर आलं आणि तिथे बसलं की त्याचा स्वभावच पालटतो. ज्यापासून फायब्रिन बनतं त्या फायब्रिनोजेनकडे ते ढुंकून पाहत नाही. उलट प्रोटीन सीला चेतवतं, तेही एरवीपेक्षा हजारपटीहून अधिक वेगाने. चेतलेलं प्रोटीन सी मग पाचव्या आणि आठव्या घटकाचे तुकडे करतं आणि थ्रॉम्बिनचा कारखाना बंद पडतो. जखमेवर अस्तर फाटलेलं असतं, तिथे थ्रॉम्बोमोड्युलिन नाही, म्हणून तिथे गोठतं. दोन मिलिमीटर पलीकडे अस्तर शाबूत असतं, म्हणून तिथे थांबतं. गुठळी कुठे थांबवायची ही सूचना गुठळी करणाराच देतो.

प्रोटीन एस हा प्रोटीन सीचा मदतनीस. तो जवळ नसला तर प्रोटीन सी पेशीच्या पृष्ठभागावर नीट टिकत नाही आणि कापण्याचं काम मंदावतं. त्याची एक गोष्ट रिपोर्ट वाचताना फार उपयोगी पडते. रक्तातल्या प्रोटीन एसपैकी सुमारे ६० टक्के दुसऱ्या एका प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि या कामाला येत नाही. उरलेलं ४० टक्के मोकळं, तेवढंच कामाचं. म्हणून एकूण प्रोटीन एसचा आकडा पाहून समाधान मानायचं नाही आणि घाबरायचंही नाही. मोकळं प्रोटीन एस किती, हे विचारायचं.

ही तीन नावं एकदम पुढे आली नाहीत. नॉर्वेमध्ये ओलाव्ह एगेबर्ग यांनी १९६५ साली एका कुटुंबाचं वर्णन केलं, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या शिरांत गुठळ्या होत होत्या आणि आजारी माणसांत अँटिथ्रॉम्बिन साधारण निम्मं होतं. प्रोटीन सीची कमतरता १९८१ मध्ये आणि प्रोटीन एसची १९८४ मध्ये लक्षात आली. १९९३-९४ मध्ये पाचव्या घटकाचा ‘लायडेन’ दोष सापडला. त्यात प्रोटीन सी पुरेसं असतं, पण पाचवा घटक त्याच्याकडून कापला जात नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत तो साधारण पाच टक्क्यांना असतो, आपल्याकडे पुष्कळ कमी. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकात तो यादीत पहिला असतो आणि आपल्याकडच्या पेशंटमध्ये सी, एस आणि अँटिथ्रॉम्बिनकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

एगेबर्ग यांच्या कुटुंबातला ‘निम्मं’ हा शब्द लक्षात ठेवा. गोठवणाऱ्या घटकांच्या बाबतीत निम्मं पुष्कळ होतं. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, वाहक स्त्रीत आठवा घटक बहुधा निम्म्याच्या आसपास असतो आणि तिला सहसा काही त्रास होत नाही. आवरणाऱ्या प्रोटीनांचं तसं नाही. आईकडून किंवा वडिलांकडून एक बिघडलेलं जनुक आलं, पातळी निम्म्यावर आली, की रोजच्या दिवसाला पुरतं, पण बाळंतपण, मोठं ऑपरेशन, प्लॅस्टरमधला पाय अशा वेळी कमी पडतं. दोन्ही जनुकं बिघडलेली असतील तर चित्र वेगळंच असतं. प्रोटीन सी जवळजवळ नसलेलं बाळ जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत त्याच्या त्वचेवर काळेनिळे डाग पसरतात आणि त्याला तातडीने प्लाझ्मा द्यावा लागतो. हे अत्यंत दुर्मिळ आहे. आई-वडील एकमेकांच्या नात्यातले असले की शक्यता वाढते, म्हणून आम्ही मामेभावाशी लग्न झालंय का हे विचारतो. त्यात चौकशीखोरपणा नसतो.

आता बहिणीचे तीन आकडे.

प्रोटीन सी ४१. असेनोक्यूमॅरॉल आणि वॉरफरिन ही औषधं व्हिटॅमिन केचं काम अडवतात. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक व्हिटॅमिन केवर चालतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रोटीन सी आणि प्रोटीन एससुद्धा त्यावरच चालतात हे विसरलं जातं. गोळी चालू असताना हे दोन्ही कमी येणारच. ते कमी आले नसते तर मला गोळी पोटात जातेय का अशी शंका आली असती.

प्रोटीन एस २९. इथे गोळीच्या जोडीला गर्भारपण आहे. गर्भारपणात प्रोटीन एस स्वाभाविकपणेच उतरतं. बाळंतपणात होणारा रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीर त्या महिन्यांत गोठण्याच्या बाजूला झुकलेलं असतं, आणि ते मूळ पातळीवर यायला बाळंतपणानंतर काही आठवडे लागतात. शिवाय गुठळी, ताप, सूज अशा अवस्थेत आठवा घटक चढलेला असतो, आणि तो चढला की रक्त गोठवून केल्या जाणाऱ्या प्रोटीन एसच्या तपासणीत आकडा खोटाच खाली दिसतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, गोळीवर, ताज्या गुठळीत केलेल्या प्रोटीन एसला मी फाइलमध्ये लावून ठेवण्यापलीकडे किंमत देत नाही.

अँटिथ्रॉम्बिन ७४. बहुतेक लॅबमध्ये खालची मर्यादा ८० च्या आसपास असते, म्हणजे हे थोडंसंच कमी. मोठी गुठळी होताना ते खर्च होतं आणि हेपरिन चालू असतानाही थोडं उतरतं. जन्मजात कमतरतेत ते साधारण ४० ते ६० च्या घरात दिसतं. पण इथे एक साधी, स्वस्त तपासणी राहून गेली आहे: लघवी. मूत्रपिंडातून प्रथिन गळत असेल तर अँटिथ्रॉम्बिनही त्याबरोबर वाहून जातं, आणि पायावरची सूज सगळी गुठळीचीच आहे असं समजून ते नजरेतून सुटतं. लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं अल्ब्युमिन या आठवड्यात बघून घ्या. यकृताच्या तपासण्याही, कारण तिन्ही प्रोटीनं मुख्यतः तिथेच बनतात.

एक उलट गोष्टही सांगते. अशा वाईट दिवशी घेतलेल्या नमुन्यात आकडे स्वच्छ नॉर्मल आले असते, तर तो निकाल मी बहुतेक वेळा मानला असता. सगळं ओढून खाली नेणाऱ्या अवस्थेतही जे वर राहिलं ते जन्मजात कमी असण्याची शक्यता फारच थोडी. अपवाद रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या नव्या गोळ्यांचा. त्या चालू असतील तर काही तपासण्या खोट्या नॉर्मल येतात.

आणि या प्रोफाइलमधली जी तपासणी तरुण बाईच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची असते, तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही: अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली, गुठळीला वाव देणारी प्रोटीनं. हा जन्मजात दोष नव्हे, नंतर उद्भवणारा आहे, आणि तो निघाला तर औषध कोणतं द्यायचं हेच बदलतं. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या दोन तपासण्या गोळी चालू असतानाही करता येतात. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायच्या, एकदाच्या निकालावर शिक्का मारायचा नाही. आधी कधी गर्भपात झाले होते का, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा.

मग गुठळी झाली तरी कशाने, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईच्या आयुष्यातले गुठळीच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे. डावाच पाय का? ओटीपोटात उजव्या पायाची मोठी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते, गर्भाशय वाढलं की ती शीर आणखी दाबली जाते. गर्भारपणाशी निगडित पायातल्या गुठळ्यांपैकी बहुतांश डावीकडेच होतात. त्यात महिना मे. बडोद्यात पारा ४२ च्या वर, बाळंतिणीची खोली बंद, शेक-शेगडी, आणि ‘बाळंतिणीने पाणी फार पिऊ नये’ ही आपल्या जुन्या घरांतली समजूत. डिंकाचे लाडू द्या, अळिवाची खीर द्या, माझी काही तक्रार नाही. पण पाणी मोजून देणं आणि सव्वा महिना पलंगावरून उठू न देणं, या दोन गोष्टी थांबवल्या पाहिजेत. पायाचीच नाही, मेंदूतल्या शिरांचीही गुठळी आपल्याकडे बाळंतिणींमध्ये दिसते. बाळंतपणानंतर न थांबणारं डोकं दुखणं, उलट्या, झटका असं काही झालं तर ‘उन्हाने झालं’ म्हणून घरी ठेवू नका.

गोळीविषयी. पहिल्या आठवड्यात गोळी आणि हेपरिन दोन्ही का देतात, याचं उत्तर पुन्हा प्रोटीन सीपाशीच येतं. व्हिटॅमिन के अडवलं की जे प्रोटीन लवकर संपतं ते आधी उतरतं. प्रोटीन सी आठ तासांच्या आसपास निम्मं होतं, सातवा घटक त्याहून लवकर. पण प्रोथ्रॉम्बिन अर्धं व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत आवरणारं प्रोटीन गेलेलं असतं आणि गोठवणारं मुख्य द्रव्य शिल्लक असतं. आयएनआर (गोळीचा परिणाम मोजणारा रक्ततपासणीचा आकडा) सातव्या घटकामुळे वर चढलेला दिसतो, आणि आत रक्त उलट गोठण्याकडे झुकलेलं असतं. ज्याच्यात प्रोटीन सी मुळातच निम्मं आहे त्याला हेपरिनच्या छत्राशिवाय मोठ्या मात्रेत गोळी सुरू केली तर तिसऱ्या ते आठव्या दिवसादरम्यान मांडी, छाती, नितंब इथली त्वचा काळी पडून मरू शकते. दुर्मिळ आहे, पण भयंकर आहे. म्हणून किमान पाच दिवस दोन्ही चालू ठेवतात, आणि आयएनआर २ च्या वर जाऊन निदान एक दिवस टिकला की मगच इंजेक्शन थांबवतात. तुमच्या बहिणीचा तो टप्पा बहुधा पार झाला आहे.

ती अंगावर पाजते आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. वॉरफरिन, असेनोक्यूमॅरॉल आणि हेपरिन यांवर असताना पाजता येतं. रिव्हारॉक्साबॅनसारख्या गोळ्यांवर पाजू नये असं सांगतात, म्हणून तिला जुनी गोळी दिली असावी. ‘नवी चांगली गोळी निघालीय’ असं कुणी सुचवलं तर आधी हे विचारा.

खाण्याबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. असेनोक्यूमॅरॉल व्हिटॅमिन केशी झगडतं आणि व्हिटॅमिन के भरपूर असतं ते मेथी, पालक, कोथिंबीर यांत. हिवाळा सुरू झाला, घरोघरी मेथीच्या मुठिया घालून उंधियू शिजायला लागला की ओळीने पेशंटांचे आयएनआर खाली यायला लागतात. पालेभाजी बंद करू नका. वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खा, एका आठवड्यात एकदम वाढवू नका. प्रोफाइलमध्ये होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) असेल आणि ते वाढलेलं असेल तर बी-१२ तपासा. गुजरातेत राहून शाकाहारी झालेल्या घरांत ते फार वेळा कमी निघतं. गुठळीशी त्याचं नातं सैल आहे, पण बी-१२ भरून काढायलाच हवं.

आता गोळी किती दिवस. बाळंतपणासारख्या ठळक कारणाने झालेल्या पहिल्या गुठळीला साधारण तीन महिने उपचार देतात, मग थांबवायचं की चालू ठेवायचं याचा विचार करतात. ‘जन्मभर’ हा निर्णय आज घ्यायचं कारण नाही. पुढे अँटिथ्रॉम्बिनची खरी कमतरता निघाली, घरात आणखी कुणाला कारणाशिवाय गुठळ्या झाल्या असतील, किंवा अँटिफॉस्फोलिपिड पुन्हा पॉझिटिव्ह आलं, तर लांबवण्याकडे कल राहील. नुसतं प्रोटीन एस निम्मं निघालं आणि गुठळी बाळंतपणातलीच असेल, तर पुष्कळदा गोळी थांबवून फक्त जोखमीच्या काळात इंजेक्शनं देतात. तोवर अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर वेळ कोणतीही असो, थेट इस्पितळ गाठा. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेल्याची ती लक्षणं आहेत.

पुन्हा तपासणी कधी? गोळी थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांनी, आणि बाळंतपणाला तीन महिने उलटून गेल्यावर. गोळी थांबवणं सुरक्षित नसेल तर तेवढे आठवडे कमी रेणुभाराच्या हेपरिनवर ठेवून सी आणि एस तपासता येतं, पण हे डॉक्टरांनी ठरवायचं. तपासणीसाठी कुणी आपल्या मनाने गोळी सोडू नका. आणि नमुना कसा घेतला जातो याकडे थोडं लक्ष द्या. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, त्यात रक्त बरोबर खुणेपर्यंतच भरावं लागतं, एकास नऊ असं प्रमाण. कमी भरलं की निकाल बिघडतो. रक्त चार तासांच्या आत फिरवून, प्लाझ्मा वेगळा करून, पुन्हा एकदा फिरवून गोठवावा लागतो. इथल्या कलेक्शन सेंटरवर घेतलेलं रक्त नुसतं थर्मासमध्ये घालून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलं, तर दुसऱ्या दिवशी येणारा प्रोटीन एसचा आकडा त्या प्रवासाचा असतो. ‘प्लाझ्मा इथेच वेगळा करून गोठवता का?’ एवढं विचारा. मागायचं काय: प्रोटीन सीची कार्यक्षमता, मोकळं प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिनची कार्यक्षमता. कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. दोनदा नीट घेतलेल्या नमुन्यात कमी आलं तरच त्याला कमतरता म्हणायचं.

रिपोर्ट काहीही येवो, काही गोष्टी आजपासूनच पाळायच्या आहेत. तिला यापुढे इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी नको. तांबी चालते. आणि आपल्या घरांत जी गोळी औषधात मोजलीच जात नाही, ती पाळी पुढे ढकलण्याची. श्रावण-भाद्रपद आला की सत्यनारायण, गौरी, लगेच नवरात्र, कुणाच्या मुंजीत कुणी ‘अडचणीची’ नको म्हणून मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉन आणून दिवसातून तीनदा घेतात, तेही चिठ्ठीशिवाय. या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ज्या बाईला एकदा गुठळी झाली आहे तिने ही गोळी घ्यायची नाही. त्यात जर तिने अमेरिकेत नणंदेकडे जायचं विमान पकडलं तर दोन जोखमी एकत्र आल्या. गौरी यंदा जावेने बसवाव्यात, मला त्यात काही अडचण दिसत नाही.

पुढचं मूल हवं असेल तर पाळी चुकल्या चुकल्या डॉक्टरांकडे जायचं. असेनोक्यूमॅरॉल आणि वॉरफरिन सहाव्या आठवड्यापासून बाळाला अपाय करू शकतात, त्याआधी इंजेक्शनांवर यावं लागतं, आणि ती बाळंतपणानंतरही निदान सहा आठवडे चालू ठेवायची. हे मात्र सी-एसच्या निकालावर अवलंबून नाही. एक गुठळी झालेली आहे एवढं कारण पुरेसं आहे.

राहिली भाची आणि तुम्ही. भाचीचं रक्त आज घेऊ नका. लहान मुलांत प्रोटीन सी मुळातच मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि वयात येईपर्यंत हळूहळू भरतं. मोठ्यांच्या मर्यादेशी ताडून पाहिलं तर धडधाकट पोरीला ‘कमतरता’ चिकटेल आणि ती तिच्या शाळेच्या सहलीपासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत मागे लागेल. त्या वयात गुठळ्या क्वचितच होतात, त्यामुळे हाती काही लागणारही नाही. तिच्या आईत कमतरता पक्की ठरली तर मुलीत ती उतरण्याची शक्यता निम्मी, आणि मग ती मोठी झाल्यावर, हार्मोनची गोळी किंवा बाळंतपण यांच्या आधी तपासणी करणं उपयोगाचं. भावाचा, म्हणजे तुमचा, हिशेबही तोच. आधी बहिणीचं पक्कं होऊ द्या. निघालं तर तुमची तपासणी एकाच प्रोटीनची, सगळं प्रोफाइल नको. आणि त्यात कमी आलं तरी रोजची गोळी सुरू होत नाही. ज्या कुटुंबांत अशा गुठळ्या होत आल्या आहेत तिथेही कमतरता असलेल्या माणसाला वर्षाला साधारण १ ते २ टक्के धोका असतो, आणि कित्येकांना आयुष्यभर काहीच होत नाही. फक्त ऑपरेशन ठरलं, पाय प्लॅस्टरमध्ये गेला किंवा फार लांबचा प्रवास निघाला की तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा.